खसखस सेन्सरवर किती मोठी? मॅक्रो मॅग्निफिकेशनच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५

काम असे आहे: स्वयंपाकघरातल्या पाच दाण्यांचे फोटो, आणि प्रत्येक दाणा सेन्सरवर साधारण १० मिमी लांब उमटला पाहिजे. आंबेमोहर तांदूळ ५ मिमी, तीळ ३, मोहरी १.८, राजगिरा १.२, खसखस १. म्हणजे मॅग्निफिकेशन अनुक्रमे २, ३.३, ५.६, ८.३ आणि १० पट लागेल. दाण्यांची मापे व्हर्नियरने घेतली आहेत. दाण्यागणिक थोडाफार फरक पडतो, तो गृहीत धरला आहे.

कॅमेरा एपीएस-सी, सेन्सर २३.५ × १५.६ मिमी, ६००० × ४००० पिक्सेल. एक पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा.

मॅग्निफिकेशन म्हणजे दहावीच्या पुस्तकातले विशालनच: प्रतिमेची उंची भागिले वस्तूची उंची. प्रतिमा कुठली, तर सेन्सरवर पडलेली. स्क्रीनवरची नव्हे, छापलेली नव्हे. २४ इंची मॉनिटरची रुंदी ५३ सेंमीच्या आसपास असते. त्यावर एकास एक (सेन्सरवरची प्रतिमा वस्तूएवढीच) फोटो पूर्ण रुंदीत उघडला तर वस्तू खऱ्यापेक्षा साडेबावीस पट मोठी दिसते. फोटोखाली ‘२२ पट’ लिहिणारे हाच आकडा लिहितात. या नोंदींत तो कुठेही येणार नाही.

मोजायची पद्धत एकच. अर्ध्या मिमीच्या रेघा असलेली स्टीलची पट्टी सेन्सरला समांतर ठेवायची, ऑटोफोकस बंद करायचा, फोटो काढायचा आणि रुंदीत किती मिमी मावले ते फोटोवर मोजायचे. २३.५ ला त्या आकड्याने भागले की मॅग्निफिकेशन मिळते. व्ह्यूफाइंडरमध्ये बघून मोजू नये. या वर्गातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा व्ह्यूफाइंडर चौकटीचा ९५ टक्केच भाग दाखवतो, त्यामुळे पाच टक्क्यांची चूक पहिल्याच पायरीला शिरते.

किट लेन्स १८–५५, ५५ वर, सर्वात जवळच्या फोकसला: ६२ मिमी मावले. २३.५ ÷ ६२ = ०.३८. माहितीपत्रकातला आकडाही ०.३८ च. काही माहितीपत्रकांत याला दीडने गुणून ‘३५ मिमी समतुल्य’ ०.५७ असे छापलेले असते. मायक्रो फोर थर्ड्सच्या (याहून लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांच्या) एकास एक लेन्सला याच हिशेबाने ‘दोन पट’ म्हणतात. लहान सेन्सर चौकट कापतो, प्रतिमा मोठी करत नाही. एकास एक म्हणजे फुल फ्रेमवर ३६ मिमी मावतात, इथे २३.५, फोर थर्ड्सवर १७.३. तिन्हीकडे १० मिमीची मुंगी सेन्सरवर १० मिमीचीच उमटते.

मोजायला नाणे वापरू नये. रुपयाचे नाणे गेल्या वीस वर्षांत २५, २२ आणि २० मिमी अशा तीन मापांत निघाले आहे. कुठला रुपया होता हे फोटोत वर्ष दिसले तरच कळते.

७ जानेवारी

एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी. १२, २० आणि ३६ मिमीचा संच, पुढे अ‍ॅपर्चर (उजेडाचे छिद्र) लहान-मोठे करणारी रिंग असलेली जुनी ५० मिमी लेन्स.

लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला की हिशेब सरळ असतो: ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंग्थ (नाभीय अंतर). १२ ला ०.२४, २० ला ०.४०, ३६ ला ०.७२, तिन्ही एकावर एक लावल्या तर ६८ ÷ ५० = १.३६. शेवटच्या जोडणीत १७.३ मिमी मावायला हवे होते, मावले १७.५; म्हणजे १.३४. उलट हिशेब केला तर लेन्सची खरी फोकल लेंग्थ ५०.६ च्या घरात येते. ‘५०’ हा गोल केलेला आकडा असतो, त्यामुळे एवढा फरक चालायचाच. लेन्सचा फोकस जवळ फिरवला की तिचे स्वतःचे ०.१५ वर मिळतात, एकूण दीड पट. तांदळाला अजून अर्धा पट कमीच.

हीच ६८ मिमी २०० मिमीच्या लेन्सवर लावली तर फक्त ०.३४. उलट १८ मिमीवर १२ ची ट्यूब कागदावर ०.६७ देते, पण फोकसचे प्रतल पुढच्या काचेला टेकते किंवा काचेच्या आतच जाते. लेन्स खराब झाली असे वाटून लोक तिथे थांबतात. लेन्सला काही झालेले नसते, वस्तू ठेवायला जागाच उरलेली नसते.

एकास एक देणाऱ्या आजच्या मॅक्रो लेन्सना मात्र हे सूत्र जसेच्या तसे लावू नये. १०० मिमीची मॅक्रो एकास एक वर सेन्सरपासून ३० सेंमीवर फोकस होत असेल, तर त्या क्षणी ती १०० ची उरलेली नसते. एकास एक ला वस्तू ते सेन्सर हे अंतर ढोबळमानाने फोकल लेंग्थच्या चौपट, म्हणून ती ७५ च्या आसपास आलेली असते. तिच्यावर २५ ची ट्यूब पाव पट नव्हे, तिसरा हिस्सा वाढवते.

१.३४ ला वस्तू लेन्सच्या कडेपासून जेमतेम ५–६ सेंमीवर आहे. लेन्सची सावली दाण्यावर पडते, उजेड बाजूनेच द्यावा लागतो.

ट्यूबला संपर्काच्या पिना नाहीत. या माउंटच्या (निकॉन एफ) लेन्सचे अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यावरून काढल्यावर स्प्रिंगने रिंगवरच्या आकड्यापर्यंत मिटते, त्यामुळे व्ह्यूफाइंडर काळोखा होतो. रिंग १.८ वर ठेवून फोकस करायचा, मग ८ वर न्यायची. रिंग नसलेली लेन्स इथे घेतली तर अ‍ॅपर्चर सर्वात लहानावरच अडकते.

दोन दोष आढळले. ट्यूबांच्या सांध्यात हलका खुळखुळा आहे, तिन्ही लावल्या की लेन्स किंचित खाली झुकते आणि पट्टीची एकच बाजू स्पष्ट येते. लेन्सखाली लाकडी पाचर दिल्यावर थांबले. दुसरा: फोटोवर धुरकट पडदा. ट्यूबची आतली चकचकीत भिंत उजेड परतवत होती. आत काळ्या मखमलीची पट्टी चिकटवली, काळे काळे दिसू लागले.

१० जानेवारी

क्लोज-अप लेन्स, झूमच्या पुढे. ८ डायॉप्टरची, दोन–तीन काचांची अक्रोमॅट (रंगांची किनार टाळणारी); फोकल लेंग्थ १००० ÷ ८ = १२५ मिमी. मागे ७०–३०० झूम.

इथे सूत्र उलटते: मागच्या लेन्सची फोकल लेंग्थ भागिले क्लोज-अप लेन्सची. २०० वर १.६, ३०० वर २.४. ट्यूबला आखूड लेन्स लागते, हिला लांब. २०० च्या खुणेवर १४.७ मिमी मावायला हवे होते, मावले १५.२. म्हणजे १.५५. फरक तीन टक्क्यांचा. कारण अजून कळलेले नाही, नोंद करून ठेवली.

वस्तूचे अंतर झूम कितीही केला तरी तेच राहते, लेन्सपुढे ११–१२ सेंमी. उजेडाला आणि हाताला ऐसपैस जागा. झूम आखूड करत गेले की कोपरे काळे होतात, कारण क्लोज-अप लेन्सची काच झूमच्या तोंडापेक्षा लहान आहे.

एक काचेची स्वस्त १० डायॉप्टरचीही लावून पाहिली. मॅग्निफिकेशन जास्त, पण तांदळाच्या कडेला जांभळी आणि हिरवी किनार, कोपरे विरघळलेले. चौकटीच्या मधल्या तिसऱ्या भागापुरतीच कामाची.

आजचा खरा मुद्दा वेगळा. ट्यूबवर एफ/८ (छिद्राचा व्यास फोकल लेंग्थचा आठवा भाग) आणि क्लोज-अप लेन्सवर एफ/८ हे एकच नाही. ट्यूब लावली की लेन्स सेन्सरपासून दूर जाते आणि प्रत्यक्षातला एफ आकडा वाढतो: रिंगवरचा आकडा गुणिले (१ + मॅग्निफिकेशन). १.३४ ला एफ/८ चा प्रत्यक्षात एफ/१८.७ होतो. उजेड अडीच स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) थोडा आत घटतो. मॅक्रो लेन्सवर निकॉनचे कॅमेरे हा बदललेला आकडा दाखवतात, म्हणून त्यांच्यावर २.८ ची लेन्स जवळच्या फोकसला २.८ वर जातच नाही असे वाटते. इतर बरेच कॅमेरे मूळ आकडाच दाखवत राहतात. क्लोज-अप लेन्सवर झूम अनंतावर असेल तर एफ/८ हा एफ/८ च राहतो.

डेप्थ ऑफ फील्डचा (किती खोलीपर्यंत स्पष्ट दिसते त्याचा) हिशेब प्रत्यक्षातल्या एफ आकड्यावरच करायचा: २ × प्रत्यक्ष एफ × ०.०२ मिमी (चालण्याजोग्या धूसर ठिपक्याचा व्यास), भागिले मॅग्निफिकेशनचा वर्ग. ट्यूबवर १.३४ ला: २ × १८.७ × ०.०२ ÷ १.८ = ०.४२ मिमी. क्लोज-अपवर १.५५ ला: २ × ८ × ०.०२ ÷ २.४ = ०.१३ मिमी. ‘ट्यूब जास्त खोली देते, क्लोज-अप लेन्स खोली खाते’ ही समजूत इथून येते. दोन्ही उपकरणांत खोलीचा काही फरक नाही. मॅग्निफिकेशन सारखे आणि प्रत्यक्ष एफ सारखा केला तर खोली सारखीच येते. झूम एफ/१८ वर नेऊन पाहिले, तांदूळ तेवढाच स्पष्ट आला आणि तेवढाच मऊही.

मऊ का, तर विवर्तन. हिरव्या उजेडात (५५० नॅनोमीटर) एका बिंदूची सेन्सरवर चकती होते, तिचा व्यास प्रत्यक्ष एफ आकड्याच्या १.३४ पट मायक्रॉन. एफ/१८.७ ला २५ मायक्रॉन, म्हणजे सहा पिक्सेलहून जास्त. रिंग १६ वर नेली तर प्रत्यक्षात ३७ आणि चकती ५० मायक्रॉनची. खोली मिळते, बारकावा जातो. पुढच्या सगळ्या फोटोंत प्रत्यक्ष एफ २० च्या वर जाऊ द्यायचा नाही, खोली स्टॅकिंगने (फोकस थोडा थोडा सरकवून काढलेले फोटो एकत्र जोडून) मिळवायची असे ठरले.

तांदूळ: झूम ‘२६०’ च्या आसपास आणून ११.८ मिमी मावेल असा ठेवला. दोन पट. काम झाले.

१४ जानेवारी

आज तीळ, योगायोगाने संक्रांतच. पॉलिश केलेला पांढरा तीळ मॅक्रोला निरस, वरची साल गेलेली असते. गावरान, न सडलेला घ्यावा.

५० ची लेन्स उलटी करून झूमच्या तोंडावर बसवली. ५२–५८ ची दोन्हीकडे बाहेरचे आटे असलेली रिंग लागते. एका बाजूला आतले आटे असलेली नेहमीची स्टेप-अप रिंग चालत नाही. दोन्ही लेन्स अनंतावर. २०० ÷ ५० = ४ पट, ५.९ मिमी मावायला हवे. मावले ६.१५. म्हणजे ३.८२.

वस्तू उलट्या लेन्सच्या माउंटपासून ४६.५ मिमीवर स्पष्ट होते. हा आकडा निकॉन एफ माउंटचे फ्लँज अंतर: एरवी जिथे सेन्सर असतो, तिथे आता तीळ. कॅनन ईएफची लेन्स उलटली तर ४४ मिमी मिळतील. मिररलेसची (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याची) लेन्स मात्र उलटू नये, सोनी ई चे १८ आणि निकॉन झेड चे १६ मिमीच असतात; मागची काच दाण्याला घासेल.

अ‍ॅपर्चर कुठले मिटवायचे? झूमचे मिटवले तर कोपरे काळवंडतात, कारण ते वस्तूपासून फार मागे आहे आणि चौकटीच्या कडेचे किरण त्यात तिरपे येऊन कापले जातात. झूम पूर्ण उघडा ठेवून उलट्या लेन्सची रिंग फिरवली. एफ/४ ला तिचे छिद्र १२.५ मिमी, २०० ÷ १२.५ = १६. प्रत्यक्ष एफ १६, डेप्थ ऑफ फील्ड ०.०४ मिमी. तिळाचा अर्धा मिमी उंचीचा उतार धरायचा तर, फोटो एकमेकांवर थोडे चढावेत म्हणून, ०.०२८ मिमीची पायरी आणि १८ फोटो. दोन्ही टोकांना दोन-दोन जास्त धरून २२ काढले.

पायऱ्या मायक्रोमीटर स्टेजने (बारीक आट्याच्या स्क्रूने सरकणाऱ्या बैठकीने) घेतल्या. एका फेऱ्यात अर्धा मिमी, चकतीवर ५० भाग, एक भाग ०.०१ मिमी. पायरी अडीच-तीन भागांची. स्क्रू कायम एकाच दिशेने फिरवायचा. मागे आणला तर आट्यातली ढिलाई आधी भरून निघते आणि दोन-तीन फोटो एकाच जागेचे येतात. साधी फोकसिंग रेल दोन पटीपर्यंत ठीक, इथे निरुपयोगी. फोकस रिंग फिरवून स्टॅक करणे तर नकोच. या झूमचा फोकस मोटरने चालतो, रिंगवर अंतराची खूण नाही, आणि कॅमेरा झोपला की फोकस जागचा हलतो. अनंत एकदा दूरच्या दिव्यावर बांधून घेतला, मॅन्युअल केला, कॅमेऱ्याची झोप लांबवली.

काटेरी हलव्याचा एक दाणाही ठेवून पाहिला. काट्यांची उंची पाऊण मिमीच्या वर, साखर अर्धपारदर्शक. स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरला कुठला काटा पुढे आणि कुठला मागे हे ठरवता येईना. प्रकल्पाबाहेरचा आहे, सोडला.

१८ जानेवारी

चार पटीला हादरे. वस्तू १० मायक्रॉन हलली तर प्रतिमा ४० मायक्रॉन हलते, दहा पिक्सेल. पंखा बंद. फ्रिजचा कंप्रेसर सुरू होताना टेबल थरथरते हे लाइव्ह व्ह्यू मोठे करून पाहिल्यावर कळले. कॅमेरा आणि स्टेज एकाच जाड ग्रॅनाइटच्या तुकड्यावर बांधले, खाली माउस पॅडचे रबर. दोघे एकत्र हलले तर बिघडत नाही, वेगवेगळे हलले तर बिघडते.

उजेड फ्लॅशचा, कमी पॉवरवर. अशा वेळी झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कितीतरी आखूड असतो, शटरचा धक्का त्यात दिसत नाही. खोलीतला दिवा मात्र मालवायचा. टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापून दाण्यावर टोपीसारखा ठेवला, वरून लेन्सपुरते भोक. तिळावरची चमक गेली, सालीच्या रेघा आल्या.

मोहरी घरंगळते. टाचणीच्या टोकावर डिंकाचा कण लावून त्यावर टेकवली. दुहेरी टेपवर ठेवू नये, खालून टेपची चकाकी येते. कोरड्या हवेत प्लॅस्टिकच्या चिमट्याला खसखस चिकटून बसते आणि सोडताना उडते. स्टीलचा चिमटा घ्यावा.

मोहरीला ५.६ पट हवे: झूम २९० च्या आसपास, ४.२ मिमी मावेपर्यंत. रिंग २.८ वर, छिद्र १८ मिमी, प्रत्यक्ष एफ १६. मोहरीची साल गुळगुळीत नसते, जाळीदार असते, हे नुसत्या डोळ्यांना कधी दिसत नाही.

२२ जानेवारी

दहा पट. दोन वाटा होत्या. आहे त्याच जोडणीवर २× टेलिकन्व्हर्टर (लेन्समागे बसून प्रतिमा दुप्पट करणारी लेन्स) घालून पट वाढवायचे, किंवा मायक्रोस्कोपचे ऑब्जेक्टिव्ह (वस्तूकडची लेन्स).

पहिली वाट कागदावरच बाद झाली. चार पटीला प्रत्यक्ष एफ १६, चकती २१ मायक्रॉन. दाण्यावर मोजली तर ५.४ मायक्रॉन. टेलिकन्व्हर्टरने आठ पट आणि एफ ३२: चकती ४३, दाण्यावर पुन्हा ५.४ च. दाणा मोठा दिसेल, नवे काही दिसणार नाही. असले मॅग्निफिकेशन पोकळ, फोटो संगणकावर ताणल्यासारखेच.

ऑब्जेक्टिव्ह १०×, संख्यात्मक छिद्र (ते किती रुंद कोनातला उजेड घेते त्याचे माप) ०.२५, अंगावर ∞ ची खूण, २०० मिमी ट्यूब लेन्ससाठीचे (ऑब्जेक्टिव्हमागे लागणारी लेन्स; इथे ते काम झूम करतो). झूम २०० वर, अनंतावर, पूर्ण उघडा. प्रत्यक्ष एफ = १० ÷ (२ × ०.२५) = २०. चकती २७ मायक्रॉन, पण दाण्यावर २.७. आधीच्या निम्मी. हा फायदा मोठ्या छिद्राचा, पट वाढल्याचा नव्हे.

महाविद्यालयांतल्या साध्या मायक्रोस्कोपवर ‘१६०/०.१७’ लिहिलेले ऑब्जेक्टिव्ह असते. ते झूमपुढे लावू नये. त्याला मागे लेन्सच नको. खांद्यापासून सेन्सरपर्यंत १५० मिमी अंतर हवे. ४६.५ कॅमेऱ्याच्या आतले गेले की १०३.५ मिमीची नळी उरते. आटे २०.३२ मिमीचे, तयार अ‍ॅडॅप्टर मिळतो.

पट्टी इथे संपली. अर्ध्या मिमीची रेघच चौकटीत गजासारखी दिसते, तिची कड कुठे धरायची? स्टेज मायक्रोमीटर घेतले: काचेवर १ मिमीचे शंभर भाग. २.३५ मिमी मावायला हवे, मावले २.४३. म्हणजे ९.६७.

पुन्हा तीन टक्के. १० तारखेला क्लोज-अप लेन्सवरही तीन टक्के, १४ तारखेला उलट्या लेन्सवर साडेचार. त्यातले एक-सव्वा टक्का ५०.६ चे. तिन्ही जोडण्यांत समान असलेली वस्तू एकच, झूम. त्याची ‘२००’ ची खूण प्रत्यक्षात १९३–१९४ मिमीची आहे. खूण सोडून दिली आणि मायक्रोमीटरवर २.३५ मावेपर्यंत झूम फिरवला, तिथे बॅरलवर टेप लावली. सव्वाचार पट लांब झूमवर खुणा अशा असणारच. मोजल्याशिवाय त्यावर विसंबू नये, एवढेच.

खसखस: डेप्थ ऑफ फील्ड ८.८ मायक्रॉन (इथे मायक्रोस्कोपचे सूत्र: तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन भागिले संख्यात्मक छिद्राचा वर्ग). पायरी ६ ची हवी होती, पण स्टेजच्या स्क्रूचा एक भागच १० चा. अर्ध्या भागाने, ५ मायक्रॉनने गेलो. ०.४ मिमीसाठी ८० फोटो. ऑब्जेक्टिव्ह आणि दाणा यांत ७ मिमी उरतात, चेंडूची टोपी मावत नाही. टिश्यू पेपरची नळी गुंडाळून भोवती उभी केली. दाणा राजम्यासारखा किंचित वाकडा, पाठीवर पंचकोनी-षट्कोनी जाळी, प्रत्येक घराचा तळ खोल. जाळीच्या भिंतींची धार पहिल्यांदा स्पष्ट आली.

२५ जानेवारी

नोंदवही पूर्ण करणे. प्रत्येक फाइलसोबत: दाणा, जोडणी, रुंदीत मावलेले मिमी, त्यावरून मॅग्निफिकेशन, प्रत्यक्ष एफ, पायरी, फोटोंची संख्या. ‘किती पट’ हा आकडा फोटोवर लिहिलेला नाही, कापलेल्या फोटोत तो खोटा ठरतो. त्याऐवजी मापाची रेघ. ६००० पिक्सेल भागिले मावलेले मिमी: तांदळाला १ मिमी म्हणजे ५०८ पिक्सेल, खसखशीला २५५३. स्टॅकिंगचे सॉफ्टवेअर फोटो जुळवताना थोडे मोठे-लहान करते, म्हणून रेघ स्टॅकमधल्या त्याच्या संदर्भ-फोटोवरून काढली. फोटो कितीही लहान करून वापरला तरी रेघ सोबत लहान होते.

राहिले ते राजगिऱ्याचे. ८.३ पटीला झूम १६६ पर्यंत आणला तर कोपरे काळे पडतात, ऑब्जेक्टिव्ह २०० साठी आखलेले आहे. तो दहा पटीवरच काढायचा, १२ मिमी उमटेल, १५.६ च्या उंचीत मावतो. ठरलेल्या १० मिमीपेक्षा मोठा येईल. वहीत कारणासह लिहिले.